गोडाचा हिशेब

सुमारें तीस वर्षें मी विद्यार्थ्यांना गुण देत आलों आहें. या दीर्घ व्यवसायामुळें माझ्या मनाची अशी एक समजूत होऊन बसली आहे कीं, आंकडा जितका मोठा तितका तो आनंदाचा. त्यामुळें गेल्या वर्षीं आषाढांत आमच्या महाविद्यालयांत अध्यापकांची आरोग्यतपासणी झाली, आणि चार दिवसांनीं एका बंद लिफाफ्यांतून माझी स्वतःची गुणपत्रिका माझ्या हातीं आली, तेव्हां तिजवरील आंकडे पाहून क्षणभर मला कांहींच बोध झाला नाहीं. रक्तांतील साखर उपाशीपोटीं १६८, जेवणानंतर दोन तासांनीं २५४, आणि सर्वांत शेवटीं एका लांबलचक इंग्रजी नांवासमोर ८.२. शेजारीं बारीक अक्षरांत मर्यादा छापलेल्या होत्या. उपाशीपोटीं १२६ किंवा त्याहून अधिक साखर भरली तर तो मधुमेह. तें लांबलचक नांवाचें प्रमाण ६.५ च्या वर गेलें तरी मधुमेह. आयुष्यभर प्रत्येक परीक्षेंत बेताचे गुण मिळविणारा मी या एका परीक्षेंत मात्र विशेष प्रावीण्यानें उत्तीर्ण झालों होतों.

वस्तुतः चिन्हें पांच-सहा महिन्यांपासून दिसत होतीं. रात्रींतून तीनदां उठावें लागे. त्याचें खापर मीं वयावर फोडलें. तास संपण्यापूर्वींच घसा कोरडा पडे. त्याचें खापर उन्हाळ्यावर फोडलें. अंगरखा गळ्याशीं सैल होऊं लागला, तेव्हां तर मीं मनांतल्या मनांत स्वतःचें अभिनंदनहि करून घेतलें. दुसऱ्याच्या निबंधांतील चूक मनुष्य ज्या तत्परतेनें हेरतो, त्या तत्परतेनें तो आपल्या शरीराची तक्रार ऐकत नाहीं.

तो कागद मीं घरीं आणला आणि चार्ल्स लँबच्या निबंधसंग्रहांत ठेवून दिला. आमच्या घरांत माझ्यावांचून तें पुस्तक कोणी उघडीत नाहीं, म्हणून ती जागा सुरक्षित होती. एकोणीस दिवस तो कागद तेथें राहिला. या एकोणीस दिवसांत मीं पत्नीला कांहीं सांगितलें नाहीं, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईला तर मुळींच सांगितलें नाहीं. सुशिक्षित म्हणविणाऱ्या मनुष्यानें असें कां करावें, हें वाचकांना विचित्र वाटेल. त्याचें कारण सांगावयाचें तर मला बेचाळीस वर्षें मागें गेलें पाहिजे.

माझे वडील वाईच्या कचेरींत कारकून होते. त्यांना हा विकार जडल्याचें कळलें तेव्हां मी बारा वर्षांचा होतों. बोटाला सुई टोंचून पांच सेकंदांत साखर सांगणारें यंत्र त्या काळीं आमच्यासारख्यांच्या घरांत नव्हतें. आमच्या कोनाड्यांत एक परीक्षानळी, एक लांकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. नळींत थोडें द्रावण घ्यावयाचें, त्यांत लघवीचे आठ थेंब टाकावयाचे, आणि तें उकळावयाचें. निळें तें निळेंच राहिलें तर साखर नाहीं. हिरवें झालें तर थोडी. त्यापुढें पिवळें, मग नारिंगी, आणि शेवटीं विटकरी. मला तो रंगांचा खेळ फार आवडे. त्या रंगाबरोबर आईच्या चेहऱ्याचा रंगहि बदलत असतो, हें ओळखण्याचें माझें वय नव्हतें.

वडिलांना जिलबी अतिशय प्रिय. आईनें घरांतलें गोड बंद केलें, तेव्हां त्यांनीं मला हाताशीं धरलें. शनिवारीं सकाळची शाळा सुटली कीं मीं हलवायाकडून जिलबी वर्तमानपत्राच्या कागदांत बांधून घ्यावी आणि घाटावर जाऊन उभें राहावें. कचेरींतून घरीं जातांना वडील तेथें येत. कृष्णेच्या पाण्याकडे तोंड करून आम्ही दोघे पायऱ्यांवर बसूं. ते जिलबी खात, मलाहि एक कडें देत, आणि उठण्यापूर्वीं आम्ही दोघेहि नदींत हात धुऊं. द्रावणाची परीक्षा असेल त्याच्या आधीं दोन दिवस ते इतकें कडक पथ्य पाळीत कीं नळी हिरवटाच्या पुढें जात नसे. आई समाधान पावे, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहण्याचें टाळूं. बापलेकांच्या प्रेमाचे अनेक प्रकार असतात. आमच्या प्रेमाला पाकाचा चिकटपणा होता. वडिलांचा मजवर विश्वास आहे, याचा मला मोठा अभिमान वाटे.

१९८८ च्या उन्हाळ्यांत वडिलांच्या चपलेंतून एक खिळा वर आला. दिवसभर ते त्या खिळ्यावर चालले आणि त्यांना त्याचा पत्ताहि लागला नाहीं. वाढलेली साखर वर्षानुवर्षें रक्तांत राहिली म्हणजे पायांच्या मज्जातंतूंची जाणीव हळूहळू नाहींशी होते, आणि वेदना हा जो शरीराचा पहारेकरी, तोच झोंपीं जातो. संध्याकाळीं आईनें जाजमावर रक्ताचे डाग पाहिले. जखम भरली नाहीं. अंगठा काळा पडला. आणि भाद्रपदांत पुण्याच्या एका रुग्णालयांत त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. त्यानंतर तीन वर्षांनीं ते गेले. मी आतां बी. ए. ला होतों, कार्यकारणभाव समजण्याइतकें माझें शिक्षण झालें होतें. खिळा, जखम आणि पाय यांच्या मागें जाऊन पाहिलें कीं मला प्रत्येक वेळीं वर्तमानपत्राच्या कागदांतली एक तेलकट पुडी दिसे. ही गोष्ट मीं आईजवळ कधींहि बोलून दाखविली नव्हती.

आतां तोच विकार माझ्या घरीं आला होता, आणि मीं काय केलें? कोणाला संशय येऊं नये म्हणून एरवींपेक्षां अधिकच गोड खाल्लें! शेजाऱ्यांकडे मुंज होती. तेथें बासुंदीची दुसरी वाटी मागून घेतली. विसाव्या दिवशीं महाविद्यालयांतून परत येतांना मी मंडईजवळच्या एका हलवायाच्या दुकानासमोर थांबलों, आणि भिंतीकडे तोंड करून जिलबी खाऊं लागलों. पाक बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला, तो पुसण्यासाठीं मीं इकडे-तिकडे पाहिलें, आणि दुकानाच्या आरशांत माझें मलाच दर्शन झालें. तें माझें नव्हतेंच. घाटावरच्या माझ्या वडिलांचें होतें. फरक इतकाच कीं, त्यांच्यापाशीं निदान एक मुलगा होता. हातांतला कागद मीं तसाच टाकला आणि त्याच पावलीं डॉक्टरांकडे गेलों.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेलों त्या पूर्वीं माझ्या अकरावीच्या इंग्रजीच्या वर्गांत होत्या. मला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. पण कागदावरची तारीख पाहतांच त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो उत्तरपत्रिका तपासतांना माझ्या चेहऱ्यावर येत असावा. “सर, तुम्हीच आम्हांला सांगत होतां, उत्तर येत नसलं तरी पेपर कोरा ठेवूं नका. मग तुम्ही वीस दिवस कोरा कां ठेवलात?” या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें.

त्यांनीं तो ८.२ चा आंकडा मला समजावून दिला. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें चार महिने जगतात. पाकांत पडलेली बुंदी जशी पाक शोषून घेते, तशी या पेशींतील रक्तद्रव्याला भोंवतालची साखर चिकटते, आणि एकदां चिकटली कीं ती पेशी मरेपर्यंत सुटत नाहीं. म्हणून हा आंकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ८.२ याचा अर्थ, रात्रंदिवस मिळून सरासरी साखर १९० च्या घरांत. मीं मनांत म्हटलें, आदल्या दोन दिवशीं पथ्य पाळून नळी हिरवी राखण्याची वडिलांची युक्ति या परीक्षेपुढें चालली नसती. ही परीक्षा आदल्या रात्रीं जागून उत्तीर्ण होण्यासारखी नाहीं. हिला वर्षभराचा अभ्यास लागतो.

“पण मी लठ्ठ नाहीं,” मीं शेवटचा बचाव मांडला. त्यावर त्यांनीं एक चमत्कारिक हकीकत सांगितली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां संशोधकांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आपलीं स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदीं एकच, २२.३, परंतु इंग्रज गृहस्थांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर आमच्या पुणेकरांच्या शरीरांत २१.२ टक्के! आम्ही हिंदी लोक दिसावयास सडपातळ असतों आणि चरबी पोटाच्या आंत लपवून ठेवतों. लपविण्याचा हा गुण माझ्या एकट्याचा नसून साऱ्या समाजाचा आहे, हें ऐकून मला थोडें बरें वाटलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या मोठ्या पंक्तीला बसल्यावर संकोच कसला?

त्या रात्रीं मीं लँबच्या पुस्तकांतून कागद काढून पत्नीपुढें ठेवला. तिनें तो वाचला, घडी केली, आणि एवढेंच म्हणाली, “अहो, बासुंदीची दुसरी वाटी मागितलीत तेव्हांच मला कांहींतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. तुम्ही आजवर कधीं दुसरी वाटी मागितलेली नाहीं.” खरी कसोटी दुसऱ्या दिवशीं होती. आई देवघराच्या उंबऱ्याशीं वाती वळीत बसली होती. मीं तिच्याजवळ बसून सांगितलें. तिचे हात थांबले. ती रडेल, देवाला बोल लावील, असें मला वाटलें होतें. तिनें तसें कांहींच केलें नाहीं. हातांतला कापूस खालीं ठेवून ती म्हणाली, “पाय दाखव.”

मी पाय पुढें करून बसलों. तिनें चष्मा लावला आणि एकेक बोट वेगळें करून पाहिलें, टांचेच्या भेगांवरून हात फिरविला, वातीचा कापूस घेऊन तळव्याला हळूच लावला आणि विचारलें, “लागतंय?” मीं लागतें म्हणून सांगितलें. “इथं?” लागतें. “आणि इथं?” तीन वर्षें वडिलांची जखम धुणाऱ्या त्या हातांना या परीक्षेचें शिक्षण कोणत्याहि वैद्यकीय महाविद्यालयांत मिळालें नव्हतें. सारीं बोटें तपासून झाल्यावर ती म्हणाली, “अजून सगळं जागं आहे.”

मग माझ्यानें राहवेना. शनिवारची पुडी, घाट, नदींत धुतलेले हात, सारें मीं एका दमांत सांगून टाकलें. ती शांतपणें ऐकत होती. “मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “सदऱ्याच्या बाहीला पाक लागलेला असायचा. धुवायला मीच तर घ्यायची.” “मग तूं बोलली कां नाहींस?” “तुझ्यादेखत त्यांना काय बोलणार? आणि मी तुला थांबवलं असतं तर ते स्वतः गेले असते, नाहींतर दुसऱ्या कुणाला धाडलं असतं. निदान तुझ्या संगतीनं खात होते.” थोडा वेळ थांबून ती पुन्हां म्हणाली, “तूं बारा वर्षांचा होतास रे. ते बेचाळिसांचे होते.” बेचाळीस वर्षें जपून ठेवलेलें माझें पाप तिनें असें एका वजाबाकींत निकालांत काढलें. तें पूर्णपणें गेलें असें मी म्हणत नाहीं. पण त्याचें वजन उतरलें खरें.

त्यानंतर सुरू झाला तो हिशेब. प्रथम मीं चहाचा हिशेब मांडला. दिवसाला पांच कप, प्रत्येकांत दोन चमचे साखर, चमच्याला सुमारें पांच ग्रॅम. म्हणजे रोजची पन्नास ग्रॅम, आणि वर्षाची सव्वाअठरा किलो! पोत्याचा एवढा भाग मी केवळ सहकाऱ्यांशीं गप्पा मारतांना रिचवीत आलों होतों. पहिला आठवडा बिनसाखरेचा चहा औषधासारखा लागला. दुसऱ्या आठवड्यांत त्यांत चहाची अशी एक स्वतंत्र चव असते असें आढळून आलें. आणि आतां कोणी चुकून साखर घातलीच तर तो चहा मला पाकासारखा वाटतो.

पुढें पत्नीनें बोट टोंचण्याचें यंत्र आणलें, आणि माझ्यांतला संशोधक जागा झाला. एकादशीला साबूदाण्याची खिचडी पोटभर खाऊन दोन तासांनीं पाहिलें तों साखर २४१. दुसऱ्या दिवशीं एक भाकरी, भरपूर पालेभाजी, मटकीची उसळ आणि ताक घेतलें, साखर १५८. उपवासाला पुण्य किती लागतें तें देवाला ठाऊक. पण साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि पिष्टाची साखर होण्यास फार वेळ लागत नाहीं, एवढें मात्र मला कळलें. ‘भाकरी कितीहि चालते’, ‘गूळ साखरेसारखा नव्हे’ इत्यादि जीं सुभाषितें आमच्या वाड्यांत प्रचलित आहेत, तींहि मीं या यंत्रावर घासून पाहिलीं. गूळ साखरेचाच सख्खा भाऊ ठरला. भाकरीच्या बाबतींत ती कशाची यापेक्षां किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला.

औषधहि चालू झालें. मेटफॉर्मिन नांवाची गोळी दोन्ही वेळां जेवणाबरोबर घ्यावयाची; ती मुख्यतः यकृतांतून रक्तांत ओतल्या जाणाऱ्या साखरेला आळा घालते. युरोपांतील एका जांभळ्या फुलांच्या वनस्पतीपासून या औषधाचा माग लागला, आणि १९५७ सालीं ज्यां स्टर्न या फ्रेंच वैद्यानें तें मधुमेहावर वापरल्याचें प्रसिद्ध केलें. पहिले पंधरा दिवस पोटांत गुडगुडलें, मग थांबलें. हितचिंतकांनीं कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांचें चूर्ण असे निदान डझनभर उपाय सुचविले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कारल्याची भाजी आवडत असेल तर अवश्य खा, सर. पण तिच्या भरंवशावर गोळी सोडूं नका.”

व्यायामाचें मात्र मला पहिल्यापासून वावडें. त्याबाबतींत आधुनिक वैद्यकानें जें साधलें नसतें तें आमच्या प्राचीनांनीं साधलें. संस्कृताच्या एका स्नेह्याकडून मीं चरक-सुश्रुतांचे ग्रंथ आणले. चरकानें प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याच्या सुखाला आणि झोंपेच्या सुखाला पहिला मान दिला आहे, आणि त्यांच्या मागोमाग दहीं, दूध, नवें धान्य व गुळाचे पदार्थ बसविले आहेत. प्राध्यापकाच्या दिनचर्येचें इतकें यथातथ्य वर्णन मीं अन्यत्र वाचलें नव्हतें! आणि सुश्रुताची चिकित्सा काय? निर्धन रोग्यानें जोडा व छत्री टाकून, मुनीप्रमाणें संयमानें राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें किंवा त्याहूनहि अधिक चालावें. अथवा गाईंबरोबर रानोमाळ फिरावें. अथवा विहीर खणावी. या यादींतील सर्वांत सौम्य उपाय म्हणून मीं चालणें पत्करलें. जोडा टाकण्याचा भाग तेवढा आमच्या डॉक्टरीणबाईंना, आणि त्यांच्याहूनहि अधिक आमच्या आईला, मान्य नाहीं. चप्पल घालण्यापूर्वीं ती उलटी करून आंत हात फिरवावा, असा आमच्या घरचा दंडक आहे, आणि मी तो देवपूजेच्या निष्ठेनें पाळतों.

सकाळीं पाऊण तास मी टेंकडीवर जातों, आणि रात्रीं जेवणानंतर शतपावली घालतों. शतपावली हा आजोबांचा पोरखेळ म्हणून मी तरुणपणीं हंसत असें. आतां कळतें कीं स्नायू हलूं लागले म्हणजे ते रक्तांतली साखर आपल्या आपण ओढून घेतात. इन्शुलीनच्या शिफारशीचीहि त्यांना तितकीशी गरज राहत नाहीं. शंभर पावलांऐवजीं दहा-पंधरा मिनिटें चाललें तर यंत्रावरचा आंकडा डोळ्यांदेखत उतरलेला मीं पाहिला आहे.

या विकारानें मला इतिहासांतहि नवे सोबती दिले. लोकमान्यांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत, कुटुंबापासून दूर, पथ्याचें खाऊन त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें, तेव्हां इन्शुलीनचा शोध लागावयाचाच होता. तो टोरोंटोंत बँटिंग व बेस्ट यांनीं मॅक्लाउड आणि कॉलिप यांच्या साहाय्यानें १९२१-२२ सालीं लावला. जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्पसन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोंचण्यांत आली. तोंवर अशा मुलांना उपाशी ठेवून त्यांचें मरण चार दिवस लांबविणें, एवढाच उपाय वैद्यांच्या हातीं होता. हा मुलगा त्यापुढें तेरा वर्षें जगला. ज्या एच. जी. वेल्सच्या कथा मी वर्गांत शिकवीत आलों, त्यांनाहि हाच विकार होता. ते मात्र कागद पुस्तकांत लपवून बसले नाहींत. १९३४ सालीं डॉ. आर. डी. लॉरेन्स या स्वतः मधुमेही असलेल्या वैद्याच्या बरोबरीनें त्यांनीं इंग्लंडांत मधुमेही लोकांची संस्था काढली. मोठ्या मनुष्याचें मोठेपण कधीं कधीं आपला आजार चारचौघांत सांगण्यांतहि असतें.

मीं तें करून पाहिलें, आणि खरी अडचण तेथेंच आहे असें दिसून आलें. आपल्या समाजांत प्रेम हें तोंडांत घातल्यावांचून सिद्धच होत नाहीं. पेढा नाकारणें म्हणजे पेढा देणाऱ्याला नाकारणें. ‘एकानें काय होतें?’ हा प्रश्न दिवसांतून चार जण विचारतात, आणि प्रत्येकाचा एक एकच असतो! शिष्य उत्तीर्ण झाला कीं पेढे, त्याचें लग्न ठरलें कीं लाडू, त्याला मुलगी झाली कीं बर्फी. पहिल्यापहिल्यानें मी सबबी सांगत असें: आज पोट बरें नाहीं, आतांच जेवून आलों. आतां सरळ सांगतों, “मला मधुमेह आहे, पेढा तुझ्या आईला दे, आणि मला बातमी पुन्हां एकदां सविस्तर सांग.” मुलगा दुप्पट खुलतो. पेढा तोंडांत असतांना मीं कोणाची बातमी इतक्या लक्षपूर्वक कधीं ऐकली होती?

यावरून मी मोठा तपस्वी झालों असें मात्र वाचकांनीं समजूं नये. तीन महिन्यांनीं माझा आंकडा ८.२ वरून ७.१ वर आला, आणि त्या आनंदाच्या भरांत दिवाळी आली. अनारसे, चिरोटे, करंज्या! चार दिवस मीं यंत्राचें तोंड पाहिलें नाहीं. पांचव्या दिवशीं पाहिलें तों सकाळचा आंकडा १७४. त्या क्षणीं मला जुन्या लिफाफ्याची आठवण झाली. वहींत १७४ लिहावें कीं तें पान कोरें सोडावें? वडिलांचा मुलगा म्हणाला, सोडावें. डॉक्टरीणबाईंचा मास्तर म्हणाला, लिहावें. मीं लिहिलें. आजवर या विकाराविषयीं जें कांहीं मी शिकलों त्याचें सार या एका आंकड्यांत आहे असें मला वाटतें. लोक मधुमेहाशीं लढण्याची भाषा बोलतात. मला ती पटत नाहीं. लढाईंत एकदां हरलें कीं संपलें. हा संसाराचा हिशेब आहे. एखाद्या महिन्यांत खर्च जमेपेक्षां अधिक झाला म्हणून कोणी वही जाळीत नाहीं. पण तो मांडला मात्र पाहिजे. माझ्या वडिलांचा घात जिलबीनें जितका केला, त्याहून अधिक तो न मांडलेल्या जिलबीनें केला.

पौषांतल्या तपासणींत आंकडा ६.६ निघाला. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली, मूत्रपिंडांची झाली. दोन्हीं अद्याप निर्दोष आहेत. नोकरीनिमित्त बंगळूरला असलेल्या माझ्या मुलाला मीं पत्र लिहून आजोबांची सारी हकीकत, घाटासकट, कळविली आणि दरवर्षीं रक्त तपासून घेण्यास सांगितलें. हा वारसा त्याच्या वांट्याला येईलच असें नाहीं. पण आला तर तो निदान उघड्या पत्रानें आलेला असावा.

गेल्या माघांत वडिलांचें श्राद्ध झालें. आईनें सकाळीं मला हलवायाकडे धाडलें आणि जिलबी आणावयास सांगितलें. बेचाळीस वर्षांनीं पुन्हां मी हातांत ती उबदार पुडी घेऊन रस्त्यानें चाललों होतों. पण या वेळीं ती हातरुमालाखालीं झांकलेली नव्हती. पान वाढून गच्चीवर ठेवलें. आईनें स्वतःच्या हातानें त्यावर एक नव्हे, चांगलीं चार कडीं वाढलीं. मीं तिच्याकडे पाहिलें, तेव्हां ती पदर सांवरीत म्हणाली, “वाढूं दे रे. त्यांना आतां पथ्य नाहीं.”

कावळा लगेच आला. खालीं येऊन आम्ही पानावर बसलों. आईनें माझ्या ताटांत बोटाएवढा एक तुकडा वाढला, आणि तो खाऊन होईपर्यंत माझ्याकडे पाहत बसली. संध्याकाळीं मीं वहींत तो तुकडाहि मांडला.